वजनाचा काटा आणि तोंडातली दाढ: शाळेची आरोग्य तपासणी ठरवणाऱ्यांना खुलं पत्र

आमच्या तालुक्यातल्या शाळांची आरोग्य तपासणी ठरवणाऱ्या साहेब-मॅडमना, आणि सोबत सगळ्या मुख्याध्यापकांना,

नमस्कार.

मी आठवीतल्या एका मुलीची आई आहे. मराठवाड्यात एका तालुक्याच्या गावी राहते, घरी शिवणकाम करते. वजन कमी-जास्त निघालेल्या मुलांचे दातही त्याच दिवशी तपासा, असा रीतसर अर्ज मी आधी तुमच्याकडे दिला होता, पोच घेऊन. त्याचं उत्तर आलं एका ओळीचं, की वजन आणि दात हे दोन वेगळे विषय आहेत, दातांचं स्वतंत्र शिबिर होईल तेव्हा कळवण्यात येईल. ती ओळ मी तीन-चार वेळा वाचली आणि ठरवलं की आता हे सगळ्यांसमोर लिहायचं, कारण माझ्या घरात हे दोन विषय वेगळे नव्हते, एकाच लेकराच्या अंगात होते.

मागच्या जुलैत शाळेत तपासणी झाली. मुलगी कार्ड घेऊन आली. उंची १४९, वजन ३१ किलो. शेरा होता, "वजन कमी, पौष्टिक आहार द्यावा." त्याच्या खाली दातांचा रकाना, त्यात बरोबरची खूण आणि "ठीक". मी तिला विचारलं, डॉक्टरांनी तोंड उघडायला लावलं का गं? ती म्हणाली, लाईनीतच आ करायला सांगितलं, एकेकीला दोन सेकंद, टॉर्च नव्हती.

तेव्हा मी ते मनावर घेतलं नाही. मला टोचलं ते वजन. कुठल्याही आईला "वजन कमी" हे वाचून कसं वाटतं ते तुम्ही समजू शकता, म्हणजे घरात खायला घालत नाही असंच कुणीतरी लिहून दिल्यासारखं. मग मी लागले मागे. सकाळी दुधात चॉकलेटच्या चवीची ती पावडर दोन चमचे आणि वर साखर, शाळेत जाताना गूळ-शेंगदाण्याचा लाडू, संध्याकाळी दुधात बुडवून बिस्किटं, रात्री झोपताना केळं कुस्करून दूध-साखर, आणि ते पिऊन तशीच झोप, कारण अभ्यास करून दमलेली असायची आणि मीच म्हणायचे राहू दे आता ब्रश. दिवाळीपर्यंत वजन वाढलं अर्धा किलो.

एक गोष्ट मला दिसत होती पण कळत नव्हती. डबा. ज्वारीची भाकरी दिली की मधला मऊ भाग खाल्लेला असायचा, भाजीच्या रसात भिजलेला, आणि कडा गोल तुटून डब्यात परत यायच्या. रोज. काकडी परत, गाजर परत, शेंगदाण्याची चटणी परत. मी रागवायचे, नखरे करते म्हणून. सासूबाई म्हणायच्या आजकालच्या पोरींना बारीकच राहायचं असतं. लेकरू गप्प.

फेब्रुवारीत एका रात्री तिचा उजवा गाल सुजला, डोळ्याच्या खालपर्यंत. ठणका असा की तिने उशी दातात धरली होती. लवंगेचं तेल लावलं, गोळी दिली, सकाळी दातांच्या डॉक्टरांकडे. मॅडमनी एक्स-रे काढला, खालच्या बाजूची उजवी दाढ, कीड दाढेच्या आतल्या नसेला पोचलेली, मुळाशी पू. आणि डावीकडे वरच्या दोन दाढांत कीड सुरू झालेली. मी म्हटलं, दुधाची दाढ असेल ना, पडून नवीन येईल. मॅडम म्हणाल्या, ताई ही सहाव्या वर्षी येते, दुधाच्या दाढांच्या मागे नवीन जागेवर उगवते, ती यायला कुठलाच दात पडत नाही म्हणून घरच्यांना कळतच नाही की ही कायमची आहे. हिच्यानंतर दुसरी येत नाही.

मग त्यांनी मुलीला विचारलं, किती दिवसांपासून एकाच बाजूने खातेस? ती म्हणाली, दिवाळीच्या आधीपासून. मला रडूच आलं. मी विचारलं मला का नाही सांगितलंस, तर म्हणाली, तू म्हणाली असतीस चॉकलेट खातेस म्हणून दुखतंय.

रूट कॅनलचे साडेतीन हजार, कॅपचे वेगळे, बाकीच्या दोन दाढा भरायचे वेगळे. चार वेळा जावं लागलं, चार दिवस शाळा बुडाली. उन्हाळ्याच्या सुट्टीत ती भाकरी कडेसकट खायला लागली, दोन्ही बाजूंनी. जूनमध्ये वजन साडेचौतीस. मी डॉक्टर नाही, आणि या वयात उंची-वजन तसंही वाढतं, त्यामुळे सगळं दाढेमुळेच झालं असं मी म्हणणार नाही. पण जिला चावताच येत नाही तिला "पौष्टिक आहार द्यावा" असं लिहून देणं, आणि त्यावरून आईने तिला मऊ आणि गोडच देत राहणं, म्हणजे ज्याने दाढ किडतेय तेच वाढवणं, हे तुमच्या कार्डामुळे आमच्या घरात सात महिने चाललं. चूक माझी पण आहे, ती मी मान्य करते. पण मला कुणीतरी सांगायला हवं होतं ना.

आता दुसरी बाजू सांगते, कारण हे फक्त बारीक मुलांचं नाही.

माझा पुतण्या दहावीला आहे, वजन ७८ किलो. त्याच्या शाळेत तपासणीच्या दिवशी वजन काट्यावर घेऊन मोठ्याने सांगत होते, एक सर ओरडून सांगणार आणि दुसरे लिहिणार, सगळा वर्ग समोर. त्याचा आकडा ऐकून पोरं हसली. त्याच्या कार्डावर "वजन जास्त, आहार कमी करावा". त्या दिवसानंतर तो ग्राउंडवर जायचा बंद झाला आणि डबा न्यायचाही. त्याची आई म्हणते हा दिवसभर काही खात नाही तरी वजन कसं उतरत नाही. मी त्याला एकदा बाजूला बसवून विचारलं, तर म्हणाला काकू चार वाजता शाळा सुटते, साडेचारला क्लास, आठ वाजेपर्यंत. मध्ये गेटसमोरच्या टपरीवर वेफर्सचा पुडा आणि ती गार पेयाची बाटली, ती बाटली क्लासमध्ये बेंचखाली ठेवून घोट घोट प्यायची, साडेसहापर्यंत पुरते. घरी आला की भुकेने परत बिस्किटं. दात घासताना हिरड्यांतून रक्त येतं म्हणून त्याने ब्रश हळू हळू करत रात्रीचा सोडूनच दिला. तपासल्यावर चार दाढांत कीड. त्याच्या कार्डावर पण दातांसमोर "ठीक".

म्हणजे एकाच घरातली दोन पोरं, एक बारीक, एक जाड, दोघांच्या तोंडात कीड, दोघांच्या कार्डावर फक्त काट्याचा आकडा वाचला गेला. एकीला सांगितलं जास्त खा, दुसऱ्याला सांगितलं कमी खा, आणि काय खाता, कधी खाता, चावता येतं का, दुखतं का, हे चार प्रश्न कुणीच विचारले नाहीत.

यातलं शास्त्र मला दंतवैद्य मॅडमनी समजावून सांगितलं, मग मी पण वाचलं. जगभर यावर खूप अभ्यास झालेत आणि सगळ्यांचं उत्तर एकसारखं नाही. काही ठिकाणी जाड मुलांत कीड जास्त दिसली, काही ठिकाणी बारीक मुलांत, काही अभ्यासांत संबंध दिसलाच नाही. पहिल्यांदा ऐकलं तर वाटतं की मग संबंध नाहीच. पण दोन्ही टोकांची मुलं एकत्र करून सरासरी काढली तर असंच होणार. गोड वारंवार खाल्लं की वजनही वाढतं आणि दातही किडतात, ही एक वाट. दात किडून दुखायला लागले की खाणं कमी, रात्री झोप नीट नाही, मुळाशी पू होऊन अंगात इन्फेक्शन, मग वाढ मागे पडते, ही दुसरी वाट. फिलिपिन्समध्ये १२ वर्षांच्या शाळकरी मुलांची तपासणी झाली तेव्हा ज्यांच्या दातांची कीड आतल्या नसेला पोचली होती त्यांच्यात वजन कमी असण्याचं प्रमाण जास्त होतं. आणि ज्या मुलांना लहानपणी नीट पोषण मिळालेलं नसतं त्यांच्या दातांचं वरचं कवच मुळातच कच्चं येऊ शकतं, म्हणजे कुपोषणाने दात आणि दातांनी परत कुपोषण, असं ते फिरत राहतं. जाड मुलांत हिरड्यांची सूज जास्त दिसते असंही काही अभ्यासांत आलंय.

गोडाचं गणित पण तुम्हाला माहीत असेल. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये सांगितलं की वरून घातलेली साखर दिवसाच्या एकूण उष्मांकाच्या १० टक्क्यांच्या आत हवी, आणि ५ टक्क्यांच्या आत असेल तर जास्त चांगलं. ५ टक्के म्हणजे साधारण २५ ग्रॅम, सहा छोटे चमचे. बाजारातल्या गार पेयात १०० मिलिलिटरला साधारण १० ते ११ ग्रॅम साखर असते, म्हणजे माझ्या पुतण्याची ती एक बाटलीच दिवसाचा सगळा हिशोब संपवते. त्यातही दातांच्या दृष्टीने किती प्यायलं यापेक्षा किती वेळा तोंड लावलं हे महत्त्वाचं. प्रत्येक गोड घोटानंतर तोंडातले जंतू आम्ल करतात, दाताचं कवच झिजायला लागतं, आणि लाळेला ते परत ठिकाणावर आणायला अर्धा-पाऊण तास लागतो. दोन तास घोट घोट प्यायलं तर लाळेला वेळच मिळत नाही. आणि रात्री झोपेत लाळ कमी सुटते, म्हणून दूध-साखर पिऊन तशीच झोपलेली माझी मुलगी, तिच्या दाढेवर रात्रभर तेच काम चालू होतं. हे कळल्यापासून मला तो ग्लास बघवत नाही.

आता तक्रारी, एकेक सांगते.

पहिली, तपासणीचा वेळ. सरकारचा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ पासून आहे, जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी करायची, आणि ज्या आजारांची यादी केली त्यात दातांचे आजार स्पष्ट लिहिलेत. शाळेत वर्षातून एकदा पथक यायचं, पथकात दोन डॉक्टर, एक नर्स आणि एक औषधनिर्माता. कागदावरची ही योजना चांगलीच आहे, मी तिच्या विरोधात नाही. पण आमच्याकडे एका दिवसात सगळी शाळा उरकतात. त्या पथकातल्या डॉक्टरांचाही दोष नाही म्हणा, त्यांना गावं किती, गाडी एक, मी त्यांना दुपारी दोन वाजता उभ्या उभ्या डबा खाताना बघितलंय. दोष आखणीचा आहे आणि आखणी तुम्ही करता.

दुसरी, नुसतं किलोमध्ये वजन लिहून "कमी" आणि "जास्त" ठरवणं. १० ते १९ या वयात एकाच वर्गातली एक मुलगी हातभर उंच झालेली असते आणि दुसरीची पाळी पण आलेली नसते. उंची, वय, मुलगा की मुलगी हे धरून तक्ता असतो, त्यावर बघायला पाहिजे. माझ्या मुलीची उंची लिहिली होती पण ती त्या तक्त्यावर कुणी बघितली का, कार्डावर तसं काहीच नाही.

तिसरी, वजन ओरडून सांगणं. हे आजच्या आज बंद करा. याला पैसे लागत नाहीत, पत्र लागत नाही, पडदा लागतो. जाड पोराला लाज वाटली की तो चारचौघांत डबा खायचा सोडतो आणि एकटा असताना टपरीवर खातो, मी माझ्या घरात बघितलंय. आणि बारीक मुलींना "काडी" म्हणतात, त्या पण मग तपासणीच्या दिवशी दांडी मारतात, म्हणजे जिला तपासायला पाहिजे तीच घरी.

चौथी, गेट. केंद्राच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा २०२० चा नियम आहे की जास्त चरबी, साखर, मीठ असलेले पदार्थ शाळेत आणि शाळेच्या गेटपासून ५० मीटरमध्ये विकायचे नाहीत. त्याच्याही आधी मे २०१७ मध्ये आपल्या राज्य सरकारने शाळेच्या कॅन्टीनमधून हे पदार्थ काढायला सांगितले होते. आमच्या शाळेच्या गेटपासून ती टपरी मी पावलांनी मोजली, बावीस पावलं. टपरीवाल्या दादाशी मी बोलले, तो म्हणाला ताई मी उकडलेल्या शेंगा, भाजलेले हरभरे ठेवायला तयार आहे, पण मला कुणी सांगितलंच नाही असा काही नियम आहे. तो खोटं बोलत नव्हता. सीबीएसईने मे २०२५ मध्ये त्यांच्या शाळांना साखरेची माहिती देणारे बोर्ड लावायला सांगितले. आमची लेकरं राज्य बोर्डाची आहेत, त्यांचे दात काही वेगळे नाहीत.

याच टपऱ्यांवर मागून पुड्या मिळतात, तेही लिहिते. गुटखाबंदी २०१२ पासून आहे आणि नववी-दहावीची पोरं खातात हे गावात सगळ्यांना ठाऊक आहे. सुपारी-गुटख्याने तोंड आखडत जातं, तिखट लागलं की आग होते, घास जाईल इतकं पण उघडत नाही, मग पोरगं वाळत जातं आणि कार्डावर परत तेच, वजन कमी. घरात आजीची मिशरी असते, तिथून मुली शिकतात, तंबाखूने भूक मरते. हे तोंडात बघितल्याशिवाय काट्यावर कधीच दिसणार नाही.

पाचवी आणि मला सगळ्यात लागलेली. तपासणीनंतर काहीच होत नाही. कार्ड मुलांच्या दप्तरात चुरगळतं. "दाढ किडली आहे, अमुक दिवशी ग्रामीण रुग्णालयात या" अशी चिठ्ठी मी अजून एकाही पालकाच्या हातात बघितलेली नाही. माझ्याकडे साडेतीन हजार होते, म्हणजे शिलाईचे साठवलेले होते. आमच्या गल्लीत ऊसतोडीला जाणारी कुटुंबं आहेत, सहा महिने आईबाप बाहेर, लेकरं आजीजवळ. त्यांची दाढ दुखली की गोळी आणि मग सरळ उपटून टाकायची. तेरा-चौदा वर्षांच्या पोरीची कायमची दाढ काढून टाकली की तिने पुढची पन्नास-साठ वर्षं भाकरी कशाने खायची?

केंद्र सरकारचं २०१६ ते २०१८ चं पोषण सर्वेक्षण आहे, त्यात १० ते १९ वयाची २४ टक्के मुलं वयाच्या मानाने बारीक निघाली आणि ५ टक्के जाड. म्हणजे साठ जणांच्या वर्गात पंधराएक बारीक आणि तीन जाड. एवढ्या मुलांची नावं तुमच्याकडे दरवर्षी काट्यावरून आपोआप मिळतात. निदान त्यांचं तरी तोंड नीट उघडून बघा, एवढंच माझं म्हणणं आहे, सुरुवात तिथून करा.

तर मागण्या अशा.

वजन कमी किंवा जास्त निघालेल्या प्रत्येक मुलाची दातांची तपासणी त्याच दिवशी, टॉर्च आणि आरसा वापरून, खुर्चीवर बसवून व्हावी. आणि उलटंही, ज्याच्या तोंडात खोल कीड दिसेल त्याची वाढ तक्त्यावर बघावी.

कार्डावर तीन प्रश्न छापावेत: चावताना दुखतं का, एकाच बाजूने खातोस का, गेल्या महिन्यात दातामुळे झोप मोडली का. हे प्रश्न वर्गशिक्षिका पण विचारू शकतात, डॉक्टर लागत नाही.

"पौष्टिक आहार द्यावा" आणि "आहार कमी करावा" हे दोन शेरे बंद करावेत. त्याऐवजी काय द्यायचं ते लिहा. बारीक मुलासाठी साखर नाही तर अंडी, डाळ, शेंगदाणे, तूप, दही, आणि दाढ दुखत असेल तर आधी दाढ. जाड मुलासाठी उपाशी राहा असं नाही, डबा पूर्ण खा आणि बाटली सोडा.

कीड निघालेल्या मुलांना तारीख आणि ठिकाण लिहिलेली चिठ्ठी मिळावी, आणि तीन महिन्यांनी शाळेने विचारावं की गेलात का. ज्यांचे आईबाप स्थलांतरित आहेत त्यांना शाळेच्या गाडीने किंवा शिक्षकांसोबत न्यावं.

५० मीटरचा नियम लिहिलेला बोर्ड गेटवर लागावा आणि टपरीवाल्यांना दंडाआधी बोलावून समजवावं. त्यांचं पोट पण त्यावर आहे.

पोषण आहार आठवीपर्यंत शाळेतच शिजतो. जेवणानंतर चूळ भरायला नळ चालू असावेत. आमच्या शाळेत सहा नळ आहेत, दोन चालू.

आणि दातांचं ते स्वतंत्र शिबिर जर खरंच होणार असेल तर त्याची तारीख द्या.

मुख्याध्यापक सरांना वेगळं एक सांगायचंय. सर, तुम्ही माझ्या मुलीला पहिलीपासून ओळखता. तुम्हाला वरून आदेश येईपर्यंत थांबावं लागतं हे मला कळतं, पण वजनाच्या वेळी पडदा लावायला आणि नळ दुरुस्त करायला आदेश लागत नाही. नळाचे वॉशर मी आणून देते.

पुढची तपासणी कधी आहे ते आठ दिवस आधी कळवा. आम्ही सहा आया त्या दिवशी शाळेत थांबायला तयार आहोत, मुलांना रांगेत बसवू, उंची लिहून घेऊ, पथकाला डबा आणू, म्हणजे डॉक्टरांना दोन सेकंदांच्या जागी दोन मिनिटं मिळतील. दंतवैद्य मॅडम पण अर्धा दिवस फुकट यायला तयार आहेत, मी विचारलंय त्यांना. शाळेकडून त्यांना एक रीतसर पत्र तेवढं पाहिजे.

आपली,
आठवीतल्या एका मुलीची आई